रस्ता दुसऱ्याचा, गिऱ्हाईक आपलं

१८५८ च्या जून महिन्यात पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. मुंबईकडची गाडी त्याआधीच खोपोलीपर्यंत पोचली होती. मधला घाट तेवढा राहिला होता. मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून नाहीतर बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. पाच वर्षं हे असंच चाललं. घाटाच्या दोन्ही टोकांना पालखी उचलणाऱ्यांना, तट्टूवाल्यांना, गाडीवानांना रोजचं काम होतं. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि प्रवाशाला खोपोलीत उतरायचं कारणच उरलं नाही. पालखीवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी भाडं वाढवलं नव्हतं की कुणाला वाटेत सोडून दिलं नव्हतं. रस्ता बदलला, एवढंच.

मावळात छोटा-मोठा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, ही पाच वर्षं ध्यानात ठेवा. तुम्ही चिक्की विकत असाल, पवनेच्या काठी तंबू लावत असाल, इंद्रायणी तांदूळ पिकवत असाल किंवा पॉलीहाऊसमध्ये गुलाब घेत असाल. सध्या सगळे एकच सल्ला देतात, ऑनलाइन जा. सल्ला चुकीचा नाही. पण ऑनलाइन हाही एक रस्ताच आहे, आणि आपल्या भागाने रस्त्यांचं देणं-घेणं दुसऱ्या कुणापेक्षा जास्त पाहिलं आहे. त्या अनुभवातून बघितलं तर पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसतात.

ज्या रेल्वेने पालखी बंद केली, तिनेच लोणावळ्याला चिक्की दिली. घाटाचं काम करणाऱ्या मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची आणि पुढे तीच चिक्की झाली, असं सांगतात. मूळ कथा काहीही असो, ती घरोघर पोचली ती गाडी थांबत होती म्हणून. चढावर गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती कर्जतला जोडली जातात आणि वर लोणावळ्याला सुटतात. या जोडण्या-सोडण्यासाठी गाडीला थांबावंच लागतं. कर्जतच्या फलाटावरचा वडा आणि लोणावळ्याची चिक्की ही दोन्ही नावं त्या थांब्याने मोठी केली. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तिला ना कर्जतला थांबायचं कारण, ना लोणावळ्याला. अजून डेक्कन क्वीन आहे, इतर गाड्या आहेत, उद्याच कुणाचं दुकान बंद पडणार नाही. पण इंजिनात झालेली एक सुधारणा फलाटावरच्या विक्रीपर्यंत कशी येते, ते यात दिसतं.

रस्त्याचंही तेच झालं. जुन्या हायवेच्या काळात मुंबई-पुण्याची प्रत्येक मोटार, प्रत्येक एसटी लोणावळ्याच्या बाजारातून जायची. ज्याला लोणावळ्याशी काही घेणं-देणं नव्हतं तोही उतरून चहा प्यायचा आणि दोन पुडे घेऊन जायचा. २००२ मध्ये एक्सप्रेस वे पूर्ण झाला आणि गिऱ्हाइकाचे दोन तुकडे पडले. ज्याला लोणावळ्याला यायचं आहे तो गावात येतो. ज्याला फक्त पोचायचं आहे तो फूड मॉलवर थांबतो. ज्यांना फूड मॉलमधला गाळा परवडला त्यांनी तो घेतला. ज्यांना परवडला नाही त्यांच्याकडे वाटेने जाणारं गिऱ्हाईक यायचं कमी झालं. आता खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांचा आणि दरीवरच्या उंच पुलाचा मिसिंग लिंक रस्ता आहे. घाटातलं अंतर त्याने सुमारे ६ किलोमीटरने कमी होतं. घाटातली कोंडी कमी होणं चांगलंच आहे, पण कोंडीत अडकलेल्या गाड्यांवर ज्याचं पोट होतं त्याने आपला हिशेब आजच नव्याने मांडलेला बरा.

फोनवरचं दुकान हा यानंतरचा रस्ता. आजची रेल्वे सरकारची आहे, एक्सप्रेस वे सरकारी महामंडळाचा. फोनवरच्या बाजाराला मालक आहे, आणि तोही तुमच्यासारखाच धंदा करायला बसला आहे. कोणतं दुकान वर दाखवायचं, कमिशन किती घ्यायचं, माल परत आला तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे तो ठरवतो आणि त्याला वाटेल तेव्हा बदलतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय नागपूरच्या किंवा बंगळूरच्या माणसापर्यंत तुमचा पुडा पोचला नसता. पण त्याच्या रस्त्यावर आपण कोणत्या टप्प्यावर शिरतोय हे ओळखून शिरा.

टप्पा म्हणजे काय, ते पवनेच्या काठावर पाहायला मिळतं. सुरुवातीला तिथे मोजके तंबू होते. मुंबई-पुण्याची पोरं यायची, शेकोटी, बार्बेक्यू, पहाटे धुकं. ज्याची धरणाकाठी जमीन होती त्याने चार तंबू आणले, फोटो टाकले आणि शनिवार-रविवार भरून गेले. ते पाहून शेजाऱ्याने आणले. मग ज्याची जमीन नव्हती त्याने भाड्याने घेऊन आणले. आज फोनवर शोधलं तर एकसारखे फोटो, एकसारखे तंबू, एकसारखा जेवणाचा बेत, आणि फरक फक्त दरात. गिऱ्हाईक दहा ठिकाणी विचारतं आणि पन्नास रुपयांनी स्वस्त तिकडे जातं. लोणावळ्यातल्या बंगल्यांचंही हेच झालं आहे.

कुठलाही धंदा साधारण असाच चालतो. पहिल्यांदा थोडे लोक असतात, गिऱ्हाइकाला नवल असतं, चुका खपून जातात. मग गर्दी होते आणि दर पडतात. मग पुष्कळजण बाहेर पडतात, आणि राहतात ते दोन प्रकारचे. एक, ज्यांच्याकडे भांडवल आहे आणि जे कमी मार्जिनवर खूप विकू शकतात. दुसरे, ज्यांच्याकडे काहीतरी असं आहे जे दुसऱ्याला सहज आणता येत नाही. मधल्यांची परवड होते. आज पवनेला किंवा लोणावळ्याच्या तुंगार्लीला नवा माणूस कर्ज काढून उतरणार असेल तर त्याने स्वतःला एकच विचारावं: या दोन्हींपैकी मी कोण? उत्तर मिळत नसेल तर कर्जाच्या कागदावर सही करू नका. ज्या धंद्याचे पहिले दिवस संपले आहेत, त्या दिवसांचा नफा धरून हप्ता ठरवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक आहे. शेजाऱ्याने काय कमावलं ते आपल्याला दिसतं. ते कोणत्या वर्षी कमावलं हे आपण विचारत नाही.

मोठ्या कारखान्यांचीही यातून सुटका नाही. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. त्यावर विसंबून खोल्या बांधणारे, खानावळी काढणारे, गाड्या लावणारे किती होते, ते तळेगावकरांना माहीत आहे. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला आणि आता तिथे पुन्हा गाड्या बनतात. जागा तीच, शेड तीच, मालक आणि गाडी दुसरी. मधल्या काळात ज्यांचं निभावलं, त्यांच्यात हातात कौशल्य असलेले बरेच होते.

कारखान्यापेक्षा कौशल्य जास्त टिकतं, हे तळेगावात नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. जपानमध्ये शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. त्या कारखान्याने काच केलीच, पण त्याहून मोठं काम म्हणजे काच करणारी माणसं केली. तिथे शिकलेले लोक देशात ठिकठिकाणी गेले आणि त्यांनी काचधंदा वाढवला. यंत्रं जुनी होतात, कारखाना बंद पडू शकतो, पण शिकलेला माणूस दुसरीकडे जाऊन भट्टी पेटवू शकतो. फोनवरच्या धंद्याकडेही असंच बघा. त्या ॲपवरचं तुमचं पान उद्या नसेल. ते चालवताना तुम्ही काय शिकलात आणि कुणाला ओळखू लागलात, ते उरेल.

आता थोडं हिशेबाकडे येऊ. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

समजा तुमचा अर्धा किलो चिक्कीचा पुडा दुकानात २५० रुपयांना जातो. शेंगदाणे, गूळ, गॅस, मजुरी धरून तुम्हाला तो १४० ला पडतो. गल्ल्यावर ११० सुटतात, त्यातून दुकानाचं भाडं आणि वीज. आता हाच पुडा ॲपवर टाकला. खोका, बबल पेपर, चिकटपट्टी २० रुपये. ॲपचं कमिशन आणि इतर आकार मिळून ४५ धरू. कुरियर ८०. झाले २८५. म्हणजे प्रत्येक पुड्यामागे ३५ रुपये खिशातून जातात आणि आपण म्हणतो, ऑर्डरी छान येतायत! आकडे तुमचे वेगळे असतील. पण ते कागदावर मांडल्याशिवाय एकही पुडा पाठवू नका.

कुरियरचा एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. कुरियरवाला फक्त काट्यावरचं वजन बघत नाही, खोक्याने गाडीत किती जागा अडवली तेही बघतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात आणि बहुधा ५००० ने भागतात. येईल ते किलो. काट्यावरचं आणि हे, यात जे जास्त त्याचे पैसे. ३० बाय २० बाय १५ चा खोका घेतला तर ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो. आत चिक्की अर्धा किलो आणि बाकी हवा, पण भाडं जवळपास दोन किलोचं. तोच पुडा २० बाय १५ बाय ५ च्या खोक्यात बसवला तर हिशेब ०.३ किलोवर येतो आणि मग खऱ्या वजनाचेच पैसे लागतात. केवळ खोका बदलून तोट्याचा पुडा बरोबरीत येऊ शकतो.

दुसरं, अर्ध्या किलोची ऑर्डर कशाला घ्यायची? शेंगदाणा, तीळ, खोबरं, राजगिरा असा दोन किलोचा मिळून एक खोका करा, १००० रुपयांचा. माल ५६० चा, खोका ३५, कुरियर १४० धरलं तर ७३५. तो गिऱ्हाइकाने थेट तुमच्याकडून फोनवर मागवला असेल तर ॲपचं कमिशन नाही. २६५ रुपये हातात राहतात. लांबच्या गिऱ्हाइकाला थोडं-थोडं विकणं हा ज्याच्याकडे मोठी गोदामं आहेत त्याचा खेळ आहे. आपण त्यात उतरू नये.

आणि पाऊस. लोणावळ्याच्या जुलैत चिक्की उघडी ठेवली तर तासाभरात चिकट होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो टक्कन तुटेपर्यंत वाट बघणारा कारागीर आणि घाईत परात खाली उतरवणारा कारागीर, या दोघांच्या मालातला फरक दुकानात दिसत नाही, कारण गिऱ्हाईक तो संध्याकाळी घरी जाऊन खातं. कुरियरने गेलेला पुडा चार-पाच दिवस ट्रकमध्ये असतो, उन्हात असतो, कुठल्यातरी गोदामात असतो. तिथे कच्चा पाक उघडा पडतो. वड्या एकमेकींना चिकटून एक ढेकूळ होतं आणि त्या ढेकळाचा फोटो तुमच्या नावाखाली कायमचा राहतो. म्हणून बाहेरगावी जाणारी चिक्की वेगळी करा. पाक पूर्ण येऊ द्या, वडी लहान कापा म्हणजे तुटायची नाही, पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटाला सील मारू नका. तारीख स्पष्ट छापा. खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा त्याच्या टिकण्याच्या काळातला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने २०२४ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं आहे. मागच्या महिन्याचा उरलेला माल ऑनलाइनवर काढायचा, ही सवय धंदा बुडवेल.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती. ॲपवरून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुम्हाला सहसा मिळत नाही. तो ॲपचा गिऱ्हाईक असतो. पुढच्या वेळी त्याने शोधलं तर तुमच्या शेजारी दुसऱ्या पाच चिक्क्या त्याला दिसतील. पण दर शनिवारी तुमच्या दुकानात जी माणसं स्वतःच्या पायाने येतात, ती तुमची आहेत. मुंबईत बसून चिक्की विकणारी एखादी नवी कंपनी एकेका गिऱ्हाइकापर्यंत पोचायला जाहिरातीवर पैसे ओतते. तुमच्याकडे तो गिऱ्हाईक घाट चढून येतो, पुडा हातात घेतो, चव बघतो, पैसे देतो, आणि तुम्ही त्याला नाव न विचारता जाऊ देता! २०१६ पासून यूपीआय आलं, गल्ल्यावर क्यूआर कोड लागला, पैसे कुणी दिले त्याचं नावसुद्धा फोनवर येतं. तरी आपली वही कोरी.

एक वही ठेवा. खरीखुरी कागदाची चालेल. नाव, गाव, फोन, काय आवडलं. विचारताना सरळ विचारा: "ताई, दिवाळीला घरपोच पाठवू शकतो, नंबर लिहून ठेवू का?" ज्यांची इच्छा असेल त्यांचाच लिहा. ज्यांनी दिला त्यांना रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नका. वर्षातून चारदा, कामापुरतं. संक्रांतीला तीळ, उन्हाळ्यात सुट्टीच्या आधी, गणपतीत आणि दिवाळीला. त्या वहीतली पाचशे नावं कुठलाही ॲप बंद झाला, कमिशन वाढलं किंवा नवा रस्ता कुठूनही गेला तरी तुमच्याकडेच राहतील. २०२० च्या टाळेबंदीत लोणावळ्यात पर्यटक येऊ शकत नव्हता. ज्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर असतील, त्याला त्या महिन्यांत फोन उचलून बोलता तरी आलं असतं.

बंगला किंवा होमस्टे चालवणाऱ्यांनी तर हे आजच करावं. बुकिंगच्या साइटवरून पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाला दुसऱ्यांदा थेट तुम्हाला फोन करावासा वाटला पाहिजे. शिवाय या धंद्याला आणखी एक धोका आहे. दुसऱ्याच्या बंगल्याचे फोटो लावून खोटं पान बनवायचं, ॲडव्हान्स घ्यायचा आणि गायब व्हायचं, असे प्रकार होतात. माणसं पोरंबाळं घेऊन तुमच्या फाटकाशी येतात आणि बुकिंग तुमच्याकडे नसतंच. म्हणून गूगलच्या नकाशावर आपली जागा आपल्या नावाने नोंदवा, तिथला फोन नंबर आपलाच आहे ना हे अधूनमधून बघा, आपल्या फोटोंच्या कोपऱ्यात नाव टाका. फसवणूक दिसली तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला कळवा. फाटकाशी आलेल्या त्या कुटुंबावर चिडू नका. जागा असेल तर द्या, नसेल तर दुसरीकडे फोन करून द्या. त्यांचा राग तुमच्या नावावर निघू शकतो आणि तुमची मदतही त्यांच्या लक्षात राहते.

नावाबद्दल एक शब्द. लोणावळ्याच्या बाजारात एकसारख्या नावांच्या पाट्या आणि प्रत्येकीवर "ओरिजिनल". समोर उभा राहिलेला माणूस तरी चव घेऊन ठरवतो, फोनवर त्याला तीही सोय नाही. म्हणून दुसऱ्याच्या मोठ्या नावाला चिकटून चालू नका. आपलं वेगळं नाव ठेवा, आजीचं ठेवा, गावाचं ठेवा, आणि ते नोंदवा. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करायला एका वर्गासाठी ४५०० रुपये सरकारी फी आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते. एका वीकेंडच्या विक्रीतून हे निघतं.

शेतकऱ्यांशी मला जरा जास्त बोलायचं आहे. इंद्रायणी हा वाण आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला, १९८७ मध्ये. आज पुण्या-मुंबईत मराठी घरात तांदूळ म्हटलं की पहिलं नाव हेच निघतं. तरी आवणी करून, चिखलात वाकून भात काढणाऱ्या मावळच्या शेतकऱ्याला त्या नावाचा फायदा किती मिळतो? भात पोत्याने व्यापाऱ्याला जातं, पैशाची नड असते म्हणून सुगीतच जातं, आणि पुढे कुठला तांदूळ कुठल्या पिशवीत इंद्रायणी म्हणून भरला जातो ते आपल्या हातात राहत नाही. इथे फोनवरची विक्री खरोखर उपयोगाची आहे, कारण शहरातल्या माणसाला नेमकं तेच हवंय: कुठल्या गावचं, कुणाच्या खाचरातलं.

पण तांदूळ विकणं म्हणजे पिशवीत भरून पाठवणं एवढंच काम नाही. नवा इंद्रायणी पाणी कमी पितो. जुन्याच्या सवयीने पाणी घातलं की भाताचा लगदा होतो, आणि शहरातली बाई म्हणते, तांदूळ खराब निघाला. तिचं चुकत नाही, तिला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून पिशवीवर सुगीचं साल लिहा, गावाचं नाव लिहा आणि पाण्याचं प्रमाण लिहा. ते प्रमाण आईला किंवा वहिनीला विचारून, घरी शिजवून बघून लिहा. कणी किती आहे तेही सांगा. कणी वेगळी काढून "खिचडीसाठी, पेजेसाठी" म्हणून वेगळ्या पिशवीत विकली तर तिलाही गिऱ्हाईक आहे. पाच किलोच्या पिशवीचं कुरियर महाग पडतं, तेव्हा तांदळाला लांबचं गिऱ्हाईक सध्या धरू नका. पिंपरी-चिंचवड, पुणे, नवी मुंबई इतक्याच पट्ट्यात, एका सोसायटीत वीस घरं जमली की टेम्पो भरून एकदाच जा. बचत गटांनी हे मनावर घेतलं तर उत्तम होईल. एकीचं भात, एकीची नाचणी, एकीचे पापड आणि टेम्पो एकच.

कायद्यानेही वाट थोडी सोपी झाली आहे. पूर्वी ॲपवरून माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी घ्यावीच लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल राज्याच्या आतच विकायचा असेल, तर ठरावीक नियम पाळून जीएसटी नोंदणीशिवायही ॲपवर विकता येतं. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची नोंदणी मात्र हवीच. आपल्या गावच्या कर सल्लागाराकडे जाऊन एकदा नीट विचारून घ्या, व्हिडिओ बघून ठरवू नका.

गुलाबवाल्यांना थोडक्यात. पवन मावळातल्या पॉलीहाऊसचा गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, वीस फुलांची जुडी बांधून, शीतगृहात ठेवून. सगळं वर्ष त्या पंधरा दिवसांवर टांगलेलं असतं. लग्नसराई जोरात असेल तर देशातला भाव निर्यातीच्या बरोबरीला येतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. कापलेलं फूल नाशिवंत, एकेका घरी कुरियरने पाठवायच्या फंदात एकट्याने पडू नका. त्यापेक्षा पुणे-मुंबईतले मंडप सजवणारे आणि फुलं घरपोच देणारे छोटे दुकानदार यांची वही करा. त्यांना रोज सकाळी फोटो आणि भाव गेला पाहिजे, दलालाच्या आधी. प्लास्टिकच्या फुलांनी बाजार खाल्ला म्हणून आपण सगळे तक्रार करतो आणि ती रास्त आहे. पण मंडपवाल्याला विचारा, ताजं फूल वेळेवर आणि मोजून मिळेल अशी खात्री त्याला कुणी दिली आहे का?

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल, इतकी दगदग कशाला, पूर्वीसारखं दुकान उघडून बसू. तसं बसणाऱ्याचंही काही काळ चालेल. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याचं लेणं कोरलं गेलं, तेव्हा वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या व्यापाऱ्याने दान दिलं, तसा लेख तिथे आहे. कर्नाटकातल्या वैजयंतीच्या व्यापाऱ्याचा इथे संबंध आला तो घाटातल्या व्यापारी वाटेमुळे. तेव्हापासून इथला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यावर जगत आला आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त या वेळी बदलाचा वेग मोठा आहे. जुन्या घाटरस्त्यापासून एक्सप्रेस वेपर्यंत पावणेदोनशे वर्षं गेली. फोनवरच्या बाजाराचे नियम वर्षभरात दोनदा बदलतात.

म्हणून घरातल्या मोठ्यांनो, पोरगा फोन घेऊन बसलाय म्हणून त्याला रागावू नका. त्याला हिशेबाची वही दाखवा, कोणत्या मालात काय सुटतं ते सांगा. आणि पोरांनो, इन्स्टाग्रामचं पान काढायच्या आधी एक सीझन भट्टीजवळ उभे राहा, किंवा एक आवणी करा. पाक कधी उतरवायचा आणि भात कधी कापायचं हे ज्याला येतं, त्याच्या पानावर लिहायला काहीतरी असतं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर दिवाळीपासून. गणपती बसायच्या आधी वहीतल्या सगळ्यांना एक निरोप पाठवा: खोक्यात काय आहे, किंमत किती, कुरियर धरून किती. ऑर्डरी दसऱ्यापर्यंतच घ्या, आणि ती शेवटची तारीख निरोपात ठळक लिहा. दिवाळीच्या आठवड्यात कुरियरची गोदामं तुडुंब भरतात, तेव्हा पाठवलेला खोका भाऊबीज उलटून गेल्यावर पोचतो. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला सरळ सांगा की आता वेळेत पोचणार नाही, आणि त्याचं नाव पुढच्या संक्रांतीसाठी लिहून घ्या.